गाडीचा एसी कॉम्प्रेसर घरी बदलायचा असेल तर

कॉम्प्रेसर इंजिनला धरून ठेवणारे बोल्ट तीन, फार तर चार. त्याशिवाय दोन पाइप, वायरचा एक सॉकेट आणि एक बेल्ट. हात नीट पोचत असेल तर दोन तासांत सगळं सुटतं. एवढं सोपं दिसतं म्हणूनच फसगत होते. नवा कॉम्प्रेसर आणला, जुन्याच्या जागी लावला, गॅस भरून घेतला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये काचा खाली करून पुन्हा कोल्हापूरच्या कावळा नाक्याला घाम पुसत उभे. कॉम्प्रेसर सहसा नुसत्या म्हातारपणानं मरत नाही. कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरपुढची गॅस गार करणारी जाळी, चोंदलेला असतो, तेल कमी पडलेलं असतं, आत ओल शिरलेली असते किंवा कुणीतरी गॅस अंदाजपंचे कोंबलेला असतो. ते कारण गाडीत तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेनं जातो. तेव्हा हा लेख बोल्टांपेक्षा त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या कामावर जास्त बोलेल.

पुढची पद्धत बेल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची, म्हणजे नेहमीच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांची आहे. इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड गाड्यांतला कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्याचं तेलही वेगळं असतं. नारिंगी केबल दिसली की बॉनेट बंद करा.

कॉम्प्रेसरच गेलाय का?

इंजिन चालू ठेवा, कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगा आणि पुलीच्या तोंडाशी असलेल्या क्लच प्लेटकडे बघा. टक् आवाज होऊन प्लेट पुलीबरोबर फिरायला लागली पाहिजे. नाही लागली तर पहिला संशय गॅसवर घ्या. सिस्टममधलं प्रेशर साधारण २ बारच्या खाली गेलं की प्रेशर स्विच क्लचला करंटच सोडत नाही, कारण गॅसबरोबरच तेल फिरतं आणि गॅस नसताना कॉम्प्रेसर कोरडा घासला जातो. गॅस असेल तर फ्यूज आणि रिले तपासा. तेही ठीक असतील तर क्लचच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्ट येतायत तरी प्लेट ओढली जात नसेल, तर सॉकेट काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. चांगली कॉइल साधारण ३ ते ५ ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय, आणि कॉइल वेगळी मिळते.

एक दुखणं फार चकवतं. सकाळी एसी मस्त चालतो, कागलपर्यंत गेलं की गार हवा बंद, पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू. बहुतेक वेळा हा क्लचच्या गॅपचा खेळ असतो. प्लेट झिजून गॅप वाढतो, आणि कॉइल तापली की तिची ओढ कमी पडते. फीलर गेज घालून बघा. साधारण ०.३५ ते ०.६५ मिलिमीटर हवा. जास्त असेल तर प्लेटमागची एक पातळ शिम (चकती) काढली की काम झालं, गॅसला हातही लावावा लागत नाही.

आवाजाचंही तसंच. एसी बंद असताना घरघर येते आणि चालू केल्यावर कमी होते, तर पुलीचं बेअरिंग गेलंय. ते प्रेसवर बदलता येतं. एसी लावल्यावर खडखड सुरू होत असेल तर मात्र दोष आतला. गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्यात उभी राहिली असेल तर बेअरिंग आणि क्लचच्या फटीत गाळ बसलाय का ते आधी बघा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर पुराची खूण सापडायची ही एक जागा आहे.

शेवटचा निवाडा गेजचा, म्हणजे एसीच्या दोन्ही पाइपांतलं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरचा. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखेच असतात, आणि ३० अंशांच्या हवेत ते ९५ ते १०० पीएसआय दाखवतात. यावरून गॅस पुरेसा आहे असं समजू नका. सिस्टममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी काटा तेवढाच दाखवतो, कारण तो आकडा तापमानावर ठरतो, वजनावर नाही. इंजिन चालू करून एसी लावा. लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारा पाइप) ७० च्या आसपास रेंगाळतेय, हाय साइड (कॉम्प्रेसरमधून जाणारा पाइप) ११०-१२० च्या वर चढत नाही, आणि क्लच तर फिरतोय, म्हणजे कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही. काही नव्या गाड्यांत क्लच नसतोच. पुली कायम फिरते आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह स्ट्रोक कमीजास्त करतो. त्यात हेच आकडे दिसले तर आधी व्हॉल्व्ह तपासून घ्या, कधी कधी तेवढ्यानंच भागतं.

तो का मेला

आपल्याकडचा पहिला गुन्हेगार कंडेन्सरपुढचा कचरा. गाळप हंगामात ट्रॉलीमागून उडणारं पाचट, कारखान्याच्या भागातली काजळी, हायवेची धूळ, आणि नंतर राधानगरी-गगनबावड्याकडच्या पावसातला चिखल यांचा थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, खरा थर मागच्या बाजूला असतो. कंडेन्सरची उष्णता बाहेर पडली नाही की हाय साइडचं प्रेशर ३०० च्या वर जातं, आणि कॉम्प्रेसर दर किलोमीटरला डोंगर चढल्यासारखा चालतो. साध्या नळीनं, आतून बाहेर पाणी मारून धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पात्या, झोपतात. कंडेन्सरचा पंखा एसी लावल्यावर फिरतो का, दुसऱ्या स्पीडला जातो का, हेही आजच बघा.

दुसरं कारण गळती. गॅस हळूहळू जातो आणि थोडं तेलही सोबत नेतो. दर उन्हाळ्यात नुसता गॅस टॉप-अप करत राहिलं की तीन-चार वर्षांत कॉम्प्रेसर तेलावाचून तडफडतो. जोडांवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर गळती तिथंच. क्लचभोवती आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे उडालेले असतील तर शाफ्ट सील गेलंय.

सामान

कॉम्प्रेसर घेताना गाडीचं मॉडेल सांगून थांबू नका. एकाच गाडीला वर्षानुसार दोन-तीन प्रकार बसलेले असतात. जुन्यावरच्या पट्टीचा पार्ट नंबर घ्या आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघा: पुलीच्या खाचा किती, पुलीचा व्यास, बोल्टचे कान, पाइपच्या तोंडांची जागा, सॉकेटच्या पिना. रिकंडिशन कॉम्प्रेसर मिळतात, पण आत नेमकं काय बदललंय हे विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल तर पैसे वाचत नाहीत, फक्त पुढे ढकलले जातात. भंगार बाजारातला उघड्या तोंडाचा कॉम्प्रेसर तर घेऊच नका. आतल्या तेलानं महिनोन्‌महिने हवेतली ओल प्यायलेली असते.

त्याबरोबर ड्रायर नवा. जुन्या गाड्यांत तो बाटलीसारखा वेगळा असतो, नव्यांत कंडेन्सरच्या बाजूच्या नळीत पिशवी असते. आतले दाणे ओल शोषतात आणि सिस्टम उघडली की थोड्या वेळात भरून जातात. ड्रायर वाचवून कॉम्प्रेसर बदलणं हा सर्वांत महाग काटकसरीचा प्रकार. उघडणार त्या प्रत्येक जोडासाठी एसीच्याच ओ-रिंग घ्या. साध्या काळ्या रबराच्या ओ-रिंग या गॅसनं आणि तेलानं फुगतात.

तेल पट्टीवर लिहिलेलं तेच. एसीत आर-१३४ए हा नेहमीचा गॅस असलेल्या बहुतेक गाड्यांना पीएजी नावाचं तेल लागतं, पण पीएजी ४६, १०० आणि १५० ही तीन वेगळ्या जाडीची तेलं आहेत. डेन्सोच्या कॉम्प्रेसरवर एनडी-ऑइल ८ लिहिलेलं असतं, म्हणजे ४६ च्या जाडीचं. सँडेनवर एसपी-१० म्हणजे ४६, एसपी-२० म्हणजे १००. छोटी सीलबंद बाटली घ्या. आठवडाभर उघडी पडलेली अर्धी बाटली फुकट मिळाली तरी नको.

हत्यारं: १० ते १४ नंबरच्या गोट्या आणि रिंग पाने, लांब एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच, जॅक आणि दोन स्टँड, आर-१३४ए चा गेज सेट, व्हॅक्यूम पंप, एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा, मेडिकलमधली ५० मिलिची सिरिंज, चष्मा, हातमोजे. पंप आणि गेज एका कामासाठी विकत घेण्यात अर्थ नाही. भाड्यानं मिळाले तर बघा, नाहीतर व्हॅक्यूमपासून पुढचं काम एसीवाल्याकडे करा. त्यात कमीपणा काही नाही.

गॅस आधी काढून घ्या

हे काम घरी होत नाही. रिकव्हरी मशीन असलेल्या एसी वर्कशॉपमध्ये जाऊन गॅस काढून घ्या, किती ग्रॅम निघाला आणि तेल किती मिलि निघालं ते लिहून घ्या. तिथून घरी येताना क्लचचा सॉकेट काढून ठेवा. क्लच नसलेल्या कॉम्प्रेसरची गाडी रिकाम्या सिस्टमवर फार लांब चालवू नका.

पाइप ढिला करून 'फुस्स' सोडून देणारे भेटतील. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. बोटावर उडाला तर कातडी जागीच गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जातो. ज्योतीवर किंवा लालभडक धातूवर गेला तर त्यातून विषारी वायू होतात, म्हणून आसपास बिडी-सिगारेटसुद्धा नको. शिवाय सुटलेला गॅस तुमचं तेलही ओढून नेतो, मग तेलाचा हिशेब लागत नाही.

दिवस निवडताना आभाळाकडे बघा. जुलैमधल्या झडीत सिस्टम उघडणं म्हणजे कॉम्प्रेसरच्या पोटात पाणी ओतणं. ऑक्टोबर ते मे, कोरडा दिवस, सकाळची वेळ.

उतरवणं

इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. बहुतेक लहान गाड्यांत कॉम्प्रेसर इंजिनच्या खालच्या अंगाला असतो, त्यामुळं पुढचं एक चाक आणि खालचं प्लास्टिक कव्हर काढावं लागतं. गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर किंवा विटा रचून खाली शिरू नका. वीट फुटते तेव्हा आधी सांगत नाही.

बेल्ट काढण्यापूर्वी तो कुठून कसा फिरतो याचा फोटो काढा. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर असेल तर तो पान्यानं फिरवून बेल्ट सोडवायचा, नसेल तर ॲडजस्टरचा बोल्ट ढिला करायचा. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, ताणून बसवलेला स्ट्रेच बेल्ट असतो. तो कापून काढतात आणि नवा खास पट्टीनं चढवतात. तुमच्या गाडीत असा असेल तर नवा बेल्ट आणि ती पट्टी आधीच आणून ठेवा.

गेजवर शून्य आहे याची खात्री करून पाइपचे बोल्ट हळूहळू ढिले करा. ॲल्युमिनियमच्या बॉडीत लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं बसलेले असतात. अडला तर जोर लावण्याआधी गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. थ्रेड उडालाच तर घाबरू नका, उद्यमनगरात थ्रेडमध्ये नवी कॉइल बसवून देणारे मिळतात, पण कॉम्प्रेसरच्या बाजूचा थ्रेड गेला तर नवा येतोच आहे. पाइपच्या बाजूनं ओढाताण करू नका. पाइप सुटले की दुसऱ्याच मिनिटाला सगळी तोंडं स्वच्छ प्लास्टिक आणि टेपनं बंद. चिंधी कोंबायची नाही, तिचे धागे आत जातात. मग सॉकेट, मग खालचे बोल्ट, वरचा एक शेवटी. वजन ५ किलोच्या आसपास असतं, झोपून काढताना तोंडावर येईल असं ठेवू नका.

जुनं तेल सगळं सांगतं

जुना कॉम्प्रेसर उलटा करून, क्लचच्या मधल्या हबला हातानं फिरवत, तेल मापाच्या भांड्यात काढा. ही पायरी टाळली तर बाकी सगळं नशिबावर. एक पांढरा कागद घ्या आणि त्यावर थोडं तेल पसरा.

तेल स्वच्छ, फिकट किंवा गळती शोधायचा डाय (रंग) घातल्यामुळं हिरवट-पिवळं असेल तर नशीब चांगलं. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि ओ-रिंग बदलून पुढे जा. तेल राखाडी आहे आणि त्यात चांदीसारखे कण चमकतायत, किंवा काळं डांबरासारखं आलंय, तर कॉम्प्रेसर आतून दळला गेलाय आणि त्याचा भुगा सगळीकडे पसरलाय. अशा वेळी खर्च वाढतो आणि तो टाळता येत नाही. आजकालच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांतली छिद्रं इतकी बारीक असतात की फ्लश करून त्यातला भुगा निघत नाही, कंडेन्सर नवाच लागतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅसचं प्रेशर उतरवणारा व्हॉल्व्ह, नवा, ड्रायर नवा. पाइप आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल एसी फ्लशच्या द्रवानं दोन्ही बाजूंनी धुवायची, आणि शेवटी कोरड्या नायट्रोजननं फुंकून त्यातला थेंबन्‌थेंब बाहेर काढायचा. फ्लश कॉम्प्रेसरमधून, ड्रायरमधून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कधीच सोडायचा नाही. पेट्रोल, रॉकेल, थिनर हे फ्लश नव्हेत. त्यांचा अंश आत राहून तेलाची वाट लावतो.

'कंडेन्सर अजून चांगला दिसतोय, राहू दे' हे वाक्य इथं सर्वांत जास्त कॉम्प्रेसर मारतं. बाहेरून तो चांगलाच दिसतो.

तेलाचा हिशेब

नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पूर्ण सिस्टमचं तेल भरलेलं येतं. आता समजा पट्टीवर १२० मिलि लिहिलंय आणि जुन्यातून ६० मिलि निघालं. याचा अर्थ उरलेलं तेल अजून पाइप, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइलमध्ये आहे. नवा जसाच्या तसा बसवला तर सिस्टममध्ये जवळजवळ दीडपट तेल होईल. ते कूलिंग कॉइलच्या आतल्या भिंतीवर थर धरतं, गारवा कमी होतो, हाय साइड चढते, आणि लोक गॅसला दोष देतात.

म्हणून नव्यातलं सगळं तेल काढा, मोजा, आणि जुन्यातून निघालं तेवढं अधिक १० ते १५ मिलि परत घाला. हे जादाचं तेल म्हणजे जुन्याच्या आत चिकटून राहिलेला वाटा. वर्कशॉपमध्ये गॅस काढताना तेल निघालं असेल तर तेही मिळवा. कंडेन्सर नवा बसवला असेल तर आणखी २० ते ३० मिलि, ड्रायरसाठी १० ते १५. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नेमका आकडा दिलेला असेल तर तोच खरा. सगळी सिस्टम फ्लश केली असेल तर हिशेब संपला, पट्टीवरचं पूर्ण माप भरा. काही नवे कॉम्प्रेसर मात्र वाहतुकीपुरत्या थोड्याच तेलावर किंवा कोरडे येतात, म्हणून 'आत असेलच' असं न धरता उलटा करून बघाच.

पीएजी तेल हवेतली ओल स्पंजासारखं ओढतं. बाटलीचं झाकण लगेच लावा. रंगावर सांडलं तर पुसा, रंग सोलतो.

बसवणं

नव्या ओ-रिंगला त्याच तेलाचा हात फिरवा. ग्रीस, टेफ्लॉन टेप, एम-सील यांतलं काहीही नको. सगळे बोल्ट आधी हातानं बसवा, मग कॉम्प्रेसर सरळ बसलाय हे बघून आळीपाळीनं आवळा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, पाइपच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १०. मनगटाच्या अंदाजानं आवळणारे सहसा दुप्पट आवळतात. पाइपची टोपणं अगदी शेवटच्या क्षणी काढा, आणि ड्रायर सगळ्यांत शेवटी उघडा.

बेल्टची प्रत्येक रेघ पुलीच्या खाचेत बसली पाहिजे. एक खाच सरकून बसलेला बेल्ट पन्हाळ्याच्या पहिल्या वळणापर्यंत टिकतो. हातानं ताण देण्याच्या गाडीत, दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं जोर दिल्यावर बेल्ट ८ ते १० मिलिमीटर दबावा.

आता इंजिन चालू करण्याआधी क्लचच्या हबला हातानं दहा-पंधरा फेरे द्या. आत साठलेलं तेल दाबाच्या जागेत असतं आणि द्रव दाबला जात नाही. हा फेरा न देता थेट स्टार्ट केलं तर नव्या कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह पहिल्या सेकंदात तुटू शकतो.

गळती आणि व्हॅक्यूम

रेग्युलेटर लावलेल्या नायट्रोजन सिलिंडरमधून १५० पीएसआयपर्यंत भरा आणि अर्धा तास सोडा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. सकाळच्या सावलीतून गाडी उन्हात आली किंवा उलट झालं तर काटा थोडा हलतो, एका अंशाला साधारण अर्धा पीएसआय. ती गळती नव्हे. नायट्रोजनऐवजी हवेचा कॉम्प्रेसर लावू नका, त्यातून ओल आत जाते. ऑक्सिजन तर कल्पनेतही नको. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

नायट्रोजन सोडून दिल्यावर आतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावा. इथं कोल्हापूरकरांना एक गोष्ट माहीत हवी. पुस्तकांत आणि व्हिडिओंत व्हॅक्यूम २९ ते ३० इंच (पाऱ्याचे) आला पाहिजे असं सांगतात. तो आकडा समुद्रकाठचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथं हवेचा दाबच २८ इंचांच्या आसपास असतो. त्यामुळं पूर्ण व्हॅक्यूम झाला तरी काटा २८ च्या जवळ थांबतो. ३० येत नाही म्हणून पंपाला शिव्या घालू नका. मात्र २६ वर अडकला तर नक्की गडबड आहे. आतल्या पाण्याची साध्या तापमानाला वाफ व्हायची तर काटा या २८ च्या एका इंचाच्या आत यावा लागतो, नाहीतर पंप तासभर चालला तरी ओल जागची हलत नाही. गाडी उन्हात असेल तर काम सोपं होतं.

किमान ४५ मिनिटं, फ्लश केलं असेल तर तासाहून जास्त. मग गेजचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पंप बंद करा आणि वीस मिनिटं काट्याकडे बघा. स्थिर राहिला तर उत्तम. थोडा वर येऊन थांबला तर आत ओल उरलीय, पंप परत चालवा. शून्याकडे सरकतच राहिला तर गळती आहे, गॅस भरायचा विचार सोडा.

गॅस, वजनानं

बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. लहान हॅचबॅकमध्ये बहुधा ३५० ते ४५० च्या आसपास, मागेही कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत त्याच्या दुप्पट. स्टिकरवरचा आकडाच भरायचा. गॅसचा डबा नाव नसलेला, फार स्वस्त असेल तर घेऊ नका. आर-१३४ए च्या नावाखाली ज्वालाग्राही गॅसचं मिश्रण विकलं जातं.

डबा उभा ठेवा, म्हणजे वाफच जाईल. गेजपाशी पिवळ्या नळीचं टोक क्षणभर ढिलं करून नळीतली हवा घालवा. इंजिन बंद असतानाच लो साइड, म्हणजे निळा व्हॉल्व्ह उघडा, जाईल तेवढा जाऊ द्या. मग इंजिन चालू, एसी पूर्ण, ब्लोअर फुल, दारं उघडी, आणि बाकीचा लो साइडनंच हळूहळू. पहिली दोन-तीन मिनिटं आयडलवरच, रेस नको. डबा गार पडून गॅस यायचा मंदावला तर कोमट पाण्याच्या टबात ठेवा, पाणी ४० अंशांच्या वर नको. टबासकट वजनकाट्यावर ठेवून वजन किती उतरतंय ते बघत राहा. इंजिन चालू असताना हाय साइडचा लाल व्हॉल्व्ह उघडायचा नाही. तिकडचं प्रेशर उलट डब्यात शिरतं आणि डबा फुटतो.

नंतर इंजिन १५०० आरपीएमवर धरा. हवा ३० ते ३५ अंश असताना लो साइड २५ ते ४० आणि हाय साइड १८० ते २५० पीएसआय, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून येणारी हवा ६ ते १२ अंश. यात बसलं तर थांबा. 'अजून थोडा गार होईल' म्हणून गॅस वाढवला की उलट होतं. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त, नाहीतर कंडेन्सरवर हवा कमी. कंडेन्सरवर पाणी मारल्यावर हाय साइड झपकन उतरली तर दोष पंख्यात किंवा कचऱ्यात. दोन्ही वर आणि काटे थरथरतायत, तर आत हवा राहिलीय. लो साइड व्हॅक्यूमकडे चाललीय, थोडं थांबलं की परत नीट होते, तर ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन अडतेय. मग गॅस काढणं आणि व्हॅक्यूम पुन्हा.

काम संपल्यावर एसी दहा-पंधरा वेळा चालू-बंद करा, म्हणजे क्लच प्लेटचे नवे पृष्ठभाग एकमेकांना बसतात. दोन दिवसांनी बेल्टचा ताण आणि जोडांवर तेलाची ओल बघा. जुनं तेल मोरीत ओतू नका, आपल्या मोऱ्या जयंती नाल्यातून पंचगंगेलाच जाऊन मिळतात. ओळखीच्या गॅरेजमधल्या जळक्या तेलाच्या पिंपात द्या. जुना कॉम्प्रेसर आणि ड्रायरची पावती मात्र महिनाभर जपा. नव्यात दोष निघालाच तर वॉरंटीसाठी पहिला प्रश्न ड्रायर बदलला होता का, हाच येतो.